खुर्द्याची गणती

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी गीतेचा पहिला अध्याय वाचून झाला आणि रात्री देवासच्या एका ताईंचा मेसेज आला. मुलगा सैन्यात आहे. त्या लिहितात, "लढाईची बातमी आली की घरात, ग्रुपवर सगळे जोशात असतात. मला मात्र काही बोलवत नाही, देवापुढे बसलं तरी लक्ष लागत नाही. काका, हा अर्जुनासारखा मोह समजायचा का? माझी साधना कमी पडते का?" नाव कळवू नका म्हणाल्या, म्हणून कळवत नाही. या आठवड्याचा पाठ त्यांच्या प्रश्नावरच घेऊ. जरा लांबणार आहे. रात्री जेवणं झाली की घरातल्या एकाने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा.

आधी आमच्याच घरचं सांगतो. २०२५ चा मे महिना आठवा. २२ एप्रिलला पहलगामला पर्यटकांना मारलं, ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं. त्या दिवशी इंदूर-भोपाळला सायरन वाजवून दिवे घालवायचा सरावही झाला. आमच्या खानदानाच्या ग्रुपवर सेहेचाळीस जण आहेत, पुण्यापासून अमेरिकेपर्यंत. त्या दोन दिवसांत ग्रुपवर काय काय आलं म्हणून सांगू! उडणारी क्षेपणास्त्रं, जळणारी शहरं, त्यातले निम्मे व्हिडिओ तर मुलांच्या कॉम्प्युटर गेममधले निघाले. "या वेळी नकाशाच बदला", "आता थांबायचं नाही" वगैरे. मीही दोन पुढे ढकलले होते, खोटं कशाला बोलू.

८ तारखेच्या रात्री जम्मूत दिवे गेल्याची बातमी टीव्हीवर चालू होती आणि ग्रुपवर आमच्या वहिनींचा मेसेज पडला. वहिनी एरवी सणाच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहीत नाहीत. मेसेज होता: "जेवलास का रे? फोन नको करूस. नुसती दुसरी टिक येऊ दे."

मुलाला पाठवायचा मेसेज घाईत ग्रुपवर आला होता. त्यांचा धाकटा तोफखान्यात आहे, तेव्हा जम्मूकडेच होता. मेसेज त्यांनी लगेच काढून टाकला, पण तोवर सगळ्यांनी वाचला होता. ग्रुप एकदम गप्प झाला. (अर्ध्या तासाने एका भाऊजींनी परत स्फोटाचा व्हिडिओ टाकलाच, तेही सांगायला हवं.)

१० तारखेला संध्याकाळी गोळीबार थांबल्याचं जाहीर झालं. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मी देवासला गेलो होतो. टेकरीवर दोन्ही मातांचं दर्शन घेऊन वहिनींकडे चहाला गेलो. मला वाटलं होतं त्या म्हणतील, लढाई नकोच. तसं काही त्या बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "भावजी, तो गेलाय ते काम करायलाच गेलाय. ज्यांनी पहलगामला बायकांसमोर त्यांचे नवरे मारले त्यांना सोडा, असं मी कशी म्हणू? त्याने काम नीट करून यावं. पण तुम्ही सगळे आनंद कशाचा करून राहिले होते, ते मला कळेना." मी काही बोललो नाही. चहा मात्र गार झाला.

आता याच्या बरोबर उलट एक घर बघा. धारला आमच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आहेत, वय पंच्याहत्तरच्या पुढे, १९७१ ला पूर्वेकडे होते. ते म्हणतात, त्र्याण्णव हजार कैदी हातात होते, ते परत दिले हीच चूक, आणि या वेळीही चार दिवसांत थांबलो ही दुसरी. मी म्हटलं, आजोबा, तुम्ही तर लढाई पाहिलेली आहे. म्हणाले, "पाहिलीये म्हणूनच सांगतो. अर्धवट सोडली की पुढच्या पोरांना परत जावं लागतं." त्यांच्या बोलण्यातही दम आहे. आजी आतून म्हणाल्या, "यांचं ऐकू नका हो. नातवाने अग्निवीरचा फॉर्म भरला तेव्हा तीन दिवस धड जेवले नाहीत." आजोबा हसले नाहीत.

म्हणजे ज्यांच्या घरचं माणूस सैन्यात आहे ते सगळे शांततावादी होतात असं नाही, आणि सगळे लढाईला उतावीळ असतात असंही नाही. मग त्या घरात नेमकं काय वेगळं होतं? हे समजायला आपल्याच मागच्या पिढ्यांकडे वळू या.

आपण माळव्यातली मराठी माणसं इथे आलो कशी? नोकरीला नाही, तीर्थयात्रेला नाही. फौजेबरोबर आलो. १७२८ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने आमझेऱ्याजवळ मोगलांचा सुभेदार गिरधर बहादूर याला गाठून मारलं. ते आमझेरा आज आपल्या धार जिल्ह्यातच आहे, अभ्यासमंडळाच्या सहलीला आपण जाऊन आलो आहोत. त्या सुमारास पवार घराण्यातले उदाजी, आनंदराव, तुकोजी, जिवाजी असे एकेक इथे स्थिरावले. धारला एक गादी झाली, देवासला तर दोन भावांच्या दोन. त्यांच्या पाठोपाठ बारगीर आले, शिलेदार आले, हिशेब ठेवणारे कारकून आले, पूजा सांगणारे भटजी आले. आज बँक नोट प्रेसमध्ये किंवा पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या आपल्यातल्या पुष्कळांचा कोणी ना कोणी पूर्वज त्या छावणीत होता. सैन्यात माणूस असलेलं घर म्हणजे कोणी वेगळे लोक नाहीत. मुळात आपण सगळेच ती घरं.

मग १४ जानेवारी १७६१ आला. पानिपत. धारचे यशवंतराव पवार तिथे पडले. गादीवर बसवायला मागे मुलगा राहिला तो खंडेराव, अगदी लहान, बोट धरून चालवावं असा. धारचं राज्य त्यानंतर किती वर्षं डळमळत राहिलं ते आपल्या गावाला ठाऊक आहे. "संक्रांत कोसळली" असं आपण अजून बोलतो, कुठून आलं ते विसरून.

आणि त्या पराभवाची बातमी पेशव्यांना कुठे कळली? आपल्या माळव्याच्या बाजूलाच. नानासाहेब पेशवे मदतीला उत्तरेकडे निघाले होते, भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशाजवळ, मुक्काम होता. तिथे एका सावकाराचं पत्र त्यांच्या हाती लागलं. पत्र सांकेतिक होतं. दोन मोती गेले, मोहरा इतक्या गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याचा हिशेबच नाही, अशा अर्थाचं. मोती म्हणजे नानासाहेबांचा मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव. मोहरा म्हणजे मोठे सरदार, त्यात आपले यशवंतरावही आले. नानासाहेब त्या धक्क्यातून उठले नाहीत, त्याच वर्षी जूनमध्ये पुण्याला पर्वतीवर गेले.

शाळेत हे पत्र आपण सगळे शिकलो. गुरुजी मोत्यांचा अर्थ विचारायचे, मोहरांचा विचारायचे. खुर्द्याचा कोणी विचारत नसे. खुर्दा म्हणजे चिल्लर, सुटे पैसे. ती चिल्लर म्हणजे आपण. धार-देवासच्या वाड्यांच्या मागच्या गल्लीतून गेलेले ते शिपाईगडी. सावकाराचं चुकलं असं मी म्हणत नाही, तो हिशेबनीस माणूस, त्याला जेवढं कळलं तेवढं लिहिलं. पण त्या एकेका नाण्याच्या घरी कोणी तरी वाट बघत बसलं होतं, आणि त्या घरात तो खुर्दा नव्हता. वहिनींच्या मेसेजमध्ये मला हेच दिसलं. ग्रुपवर आम्ही सेहेचाळीस जण मोती-मोहरांचा हिशेब करत होतो, किती तळ उडाले, किती विमानं पडली. वहिनी एका नाण्याची मोजणी करत होत्या. जेवला की नाही.

सैन्यातलं घर लढाईकडे बघताना काय निराळं बघतं, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. लढावं की न लढावं यावर त्या घरांची मतं आपल्यासारखीच वेगवेगळी असतात. पण मेलेल्यांना चिल्लर म्हणणं त्यांना जमत नाही.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. सैन्य म्हणजे नुसतं मरण-मारण असंही समजू नका. आपल्या शेजारी महू आहे, १८१८ पासूनची छावणी. तिथे १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब आंबेडकर जन्मले. वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार, फौजेच्या शाळेत मास्तर. आजोबाही फौजेत होते. ज्या काळात गावच्या शाळेत मुलाला आत बसू देत नव्हते, त्या काळात छावणीने या घराला अक्षरं दिली, पगार दिला, पेन्शन दिलं. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा किती घरांचं दार बंद झालं असेल बघा. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली त्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता. ते काही लढाईचे हौशी नव्हते. पण फौजेच्या भाकरीवर वाढलेल्या घराला फौज कशी दिसते ते त्यांना आतून ठाऊक होतं. आजही पहाटे मैदानावर धावणाऱ्या पोरांपैकी कितीतरी जण देशासाठी आणि घराच्या हप्त्यासाठी, दोन्हींसाठी धावत असतात. चार वर्षांची नोकरी आणि त्यातून चौथा हिस्साच पुढे कायम, हे माहीत असूनही धावतात.

आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे. हा मोह का?

घरचं माणूस रणात असलं की माणूस आपोआप शहाणा होतो, असं असतं तर धृतराष्ट्र सगळ्यात शहाणा झाला असता. त्याचे शंभर मुलगे रणात होते. गीतेची सुरुवात त्याच्याच प्रश्नाने होते. मागच्या गुरुवारी आपण पाहिलं, त्या एका प्रश्नात त्याने दोन ढीग केले: माझे, आणि पंडूचे. भावाची मुलं, याच्याच अंगणात वाढलेली, तरी दुसऱ्या ढिगात. ममता होती, भरपूर होती, पण ती शंभरावर थांबली. म्हणून त्याने लढाई थांबवली नाही. विदुराने सांगितलं, श्रीकृष्ण स्वतः शिष्टाईला आले, तरी नाही. श्रीमहाराज सत्संगात म्हणायचे की धृतराष्ट्राचं आंधळेपण डोळ्यांत नव्हतं, ते त्याच्या "माझं" या शब्दात होतं.

अर्जुनाचंही थोडं तसंच. त्याने याआधी पुष्कळ लढाया केल्या होत्या, तेव्हा गांडीव गळून पडलं नव्हतं. समोर आजोबा, गुरू, चुलतभाऊ दिसले तेव्हा गळलं. ज्ञानेश्वर माऊलींनी दुसऱ्या अध्यायात देवाच्या तोंडून अर्जुनाला हेच विचारलंय, हे गोत तुला आजच ओळखू आलं का? माझ्या मते देव अर्जुनाच्या करुणेवर रागावत नाहीत. ती फक्त नात्यातल्यांपुरतीच जागी झाली, हे ते दाखवून देतात.

पण ताई, एक लक्षात घ्या. तो उपदेश रथावर उभ्या असलेल्या अर्जुनाला आहे. घरी वाट बघणाऱ्या सुभद्रेला नाही. अभिमन्यू पडला तेव्हा श्रीकृष्ण स्वतः बहिणीच्या तंबूत गेले, तिला धीर दिला, वीराचं मरण कसं असतं ते सांगितलं. ती तरीही रडली. खूप रडली. प्रत्यक्ष भगवंताने समजावल्यावरही रडली, आणि व्यासांनी तो विलाप पोथीतून गाळला नाही. आत्मा अमर आहे हे वाक्य ग्रुपवर त्या घराला पाठवणाऱ्यांनी (आपल्यातही आहेत) एवढं जरूर बघावं. अर्जुन मात्र त्याच दुःखात जयद्रथाला सूर्यास्ताच्या आत मारायची प्रतिज्ञा करून बसला. म्हणजे एकाच मुलाच्या जाण्याने आई कोसळते आणि बाप पेटतो, दोन्ही एकाच तंबूत. सुभेदार आजोबा आणि वहिनी दोघंही मला त्या तंबूत दिसतात.

अठरा दिवसांनी काय झालं? स्त्रीपर्व आपल्याकडे फारसं वाचलं जात नाही, घरात वाचू नये असंही काही जण म्हणतात. मी म्हणतो वाचावं. गांधारीने डोळ्यांवर पट्टी बांधलेली, पण व्यासांच्या कृपेने तिला सगळं रण दिसलं. ती दुर्योधनासाठी रडली हे साहजिक. पण तिथेच थांबली नाही. ज्याला तिच्याच बाजूच्यांनी घेरून मारलं त्या अभिमन्यूजवळ बसलेली उत्तरा तिला दिसली, त्या पोरीसाठी रडली. कर्णासाठी, द्रोणांसाठी, जयद्रथासाठी, एकेकाकडे बोट दाखवून, एकेकाची बायको कशी बसलीय ते सांगत. तिच्याकडे दोन ढीग नव्हते. तिने कृष्णाला शापही दिला, तो भाग वेगळा, त्यावर कधीतरी बोलू.

आणि धृतराष्ट्र! त्याने युधिष्ठिराला विचारलं, एकूण मेले किती? आणि ज्यांचं इथे कोणीच नाही, त्यांचं काय करणार? युधिष्ठिराने विदुर, संजय, धौम्य यांना कामाला लावलं आणि ज्यांच्यामागे कोणी नव्हतं अशांनाही अग्नी मिळेल अशी व्यवस्था केली. खुर्द्याची गणती करा, असं धृतराष्ट्र म्हणाला, पण शंभर मुलगे गेल्यावर.

परदेशातलंही एक उदाहरण देतो, मुलांना आवडेल. मोगलीची गोष्ट लिहिणारे रडयार्ड किपलिंग. मुंबईत जन्मले, आणि गोष्ट आपल्या मध्य प्रदेशातल्या शिवनीच्या जंगलातली. पहिल्या महायुद्धात ते लढाईचा मोठा पुरस्कार करत होते. मुलगा जॉन, नजर अधू, सैन्याने नाकारलेला. वडिलांनी ओळख लावून त्याला भरती करवलं. १९१५ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्समधल्या लूस इथे, जेमतेम अठराव्या वर्षी तो गेला. किपलिंग जिवंत असेपर्यंत मुलाचं प्रेत सापडलं नाही. त्यांनी युद्ध वाईट असं जाहीर केलं नाही, मतं फारशी बदलली नाहीत. पण पुढे उरलेल्या आयुष्यात युद्धातल्या कबरींची देखभाल करणाऱ्या आयोगाचं काम मनापासून केलं. सरदार असो की साधा शिपाई, सगळ्यांच्या कबरीचा दगड सारखाच, हा त्या आयोगाचा नियम.

आपल्याकडे अहिल्याबाई होत्याच. १७५४ ला कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने नवरा, खंडेराव, गेला. सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी थांबवलं. त्याच सुनेला पुढे त्यांनी तोफखान्याची, दारूगोळ्याची कामं सांगितली, आणि बाईंनी ती केली. ज्या हत्याराने कुंकू पुसलं त्याच हत्याराचा हिशेब ठेवायचा, हे कसं जमलं असेल? राज्य हातात आल्यावर रामपुऱ्याच्या चंद्रावतांवर त्यांनी फौज पाठवली. लढाईला नाही म्हणाल्या नाहीत. पण महेश्वरला जाऊन बघा, मागे काय ठेवलं: घाट, देवळं, विणकरांचे माग.

तेव्हा ताई, तुमचं गप्प राहणं हा मोह नाही, असं मी माझ्या अल्पमतीने सांगतो. जपाला बसून मन जम्मूला जात असेल तर जाऊ द्या, त्याच्याच नावाने एक माळ करा. आणि जमेल तशी दुसरी माळ त्याच्या शेजारच्या खंदकातल्या मुलासाठी, ज्याचं नावही आपल्याला ठाऊक नाही. तिसरी, पलीकडच्या बाजूला कोणी आई बसली असेल तिच्यासाठी, हे मी आज आग्रहाने सांगत नाही. वहिनींना मी ते म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ते मला अजून नाही होत, भावजी." मलाही होतं असं नाही.

बाकीच्यांसाठी एवढंच: आपल्या ग्रुपमध्ये कोणाच्या घरचं सैन्यात आहे, हे संचालकांनी या आठवड्यात विचारून घ्यावं. परत कधी तशी रात्र आली तर आधी त्या घरी फोन करायचा, गॅस, दूध, औषध काही हवं का ते विचारायचं, कोणी तरी जाऊन बसायचं. तोवर स्फोटाचे व्हिडिओ कोणी टाकू नयेत. फौजेची हालचाल दाखवणारे तर मुळीच नकोत, त्याने तिथल्या पोरांचाच जीव धोक्यात येतो, संरक्षण खात्यानेही त्या दिवसांत वाहिन्यांना हेच बजावलं होतं.

पूर्वी सैनिकाच्या घरी तार यायची आणि मागून त्याची पेटी. देह तिकडेच, सीमेजवळच दहन व्हायचा. १९९९ च्या कारगिलपासून देह गावी आणायची पद्धत पडली. त्या लढाईत आपले ५२७ जवान गेले. तेव्हा पहिल्यांदा गावोगावच्या लोकांनी पेटीतलं माणूस पाहिलं. त्याआधी १९६२, १९६५, १९७१ मध्ये गेलेल्यांचं आपल्या घरांत नुसतं नाव राहिलं, काहींचं तेही नाही.

म्हणून पुढच्या गुरुवारसाठी एक काम. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, आपल्या घरातून, माहेरच्या-सासरच्या कोणत्याही बाजूने, फौजेत कोण कोण गेलं होतं. परत आले तेही, आले नाहीत तेही. नावं बुधवार रात्रीपर्यंत ग्रुपवर पाठवा. आरतीच्या आधी ती सगळी वाचू, मग स्त्रीपर्वाला सुरुवात करू. आमच्या घरातून मी दोन नावं आजच पाठवतो आहे. एका पणजोबांच्या भावाचं फक्त घरात हाक मारायचं नाव ठाऊक आहे, "बाळा", तेवढंच. हुद्दा, पलटण, साल माहीत नसलं तरी चालेल. नाव पाठवा.

जय गुरुदेव.